विश्लेषण : दोन फोनवरच्या ॲपमध्ये सारखा कोड कसा शोधतात? महाभारताच्या पोथ्या जुळवणाऱ्या डॉ. सुकथनकरांकडे आहे उत्तर!

एकच ॲप अँड्रॉइडसाठी एका भाषेत आणि आयफोनसाठी दुसऱ्या भाषेत लिहिलेले असते. एकात सापडलेली चूक दुसऱ्यात नेमकी कुठे आहे, हे शोधणे आजही अवघड मानले जाते. शंभर वर्षांपूर्वी, संगणक नसताना, गणित शिकलेल्या एका मराठी संशोधकाने असाच प्रश्न महाभारताच्या बाबतीत हाताळला होता. डॉ. विष्णू सीताराम सुकथनकर यांनी तो कसा सोडवला आणि त्यातून आजच्या ॲप बनवणाऱ्यांना काय घेता येईल, याविषयी…

दोन फोन, एक ॲप, दोन उत्तरे?

समजा, तिकीट काढण्याचे एक ॲप आहे आणि त्यात नियम आहे : ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. रामटेकहून नागपूरला निघालेल्या आजोबांना आजच ७५ वर्षे पूर्ण झाली. सुनेच्या अँड्रॉइड फोनवर तिकीट शून्य रुपयांचे दिसते, नातवाच्या आयफोनवर मात्र पूर्ण पैसे मागितले जातात. कारण साधे आहे. एका प्रोग्रामरने ‘७५ किंवा त्याहून जास्त’ अशी अट लिहिली, दुसऱ्याने ‘७५ पेक्षा जास्त’ अशी.

हे उदाहरण काल्पनिक असले, तरी अशा चुका खऱ्या ॲपमध्ये होतात. ॲपलने २०१४ मध्ये स्विफ्ट ही भाषा आणली. गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत पाठिंबा दिला, त्याआधीचा बराच कोड जावामध्ये आहे. त्यामुळे अनेक कंपन्यांत एकाच ॲपसाठी दोन संघ असतात आणि ते दोन भाषांत तेच काम दोनदा लिहितात. एका बाजूला चूक सापडून दुरुस्त झाली, तरी दुसऱ्या बाजूला ती तशीच राहू शकते. ती तिकिटाऐवजी पैसे पाठवण्याच्या किंवा पासवर्ड तपासण्याच्या कोडमध्ये असेल, तर नुकसान मोठे होते.

मग शब्द शोधून का भागत नाही?

कारण दोन्हीकडे शब्द वेगळे असतात. एकाने वयाला ‘वय’ नाव दिले, दुसऱ्याने ‘प्रवाशाचीवर्षे’. एकाने अट आधी लिहिली, दुसऱ्याने शेवटी. एकाने तीस ओळी लिहिल्या, दुसऱ्याने तेच बारा ओळींत बसवले.

याची दुसरी बाजूही आहे. दिसायला सारख्या ओळी वेगळे काम करत असू शकतात. ‘७५ किंवा जास्त’ आणि ‘७५ पेक्षा जास्त’ यांत एका चिन्हाचाच फरक असतो, पण तिकिटाचा निकाल त्या चिन्हावर ठरतो. म्हणून तुलना करणाऱ्याला दोन्ही जमले पाहिजे : वेश वेगळा असला तरी सारखेपणा ओळखणे आणि वेश सारखा असला तरी फरक पकडणे.

रामटेकशी याचा संबंध काय?

रामटेकच्या वाचकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. कालिदासाचे ‘मेघदूत’ रामगिरीवर सुरू होते. हा रामगिरी म्हणजे रामटेक, असे मत नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुराव्यांसह मांडले. गडावर कालिदासाचे स्मारक आहे आणि १९९७ मध्ये स्थापन झालेले संस्कृत विद्यापीठही कवीच्याच नावाने येथे उभे आहे. पण ‘मेघदूत’ नेमके किती श्लोकांचे?

याचे उत्तर कोणती प्रत हातात घेतली, यावर अवलंबून आहे. नवव्या शतकात जिनसेन या जैन आचार्यांनी आपल्या ‘पार्श्वाभ्युदय’ काव्यात मेघदूताच्या ओळी गुंफल्या. त्यातून १२० श्लोकांचे मेघदूत मिळते. दहाव्या शतकातील काश्मीरचा टीकाकार वल्लभदेव १११ श्लोक देतो. काव्य एकच, पण ते वेगवेगळ्या प्रदेशांत, वेगवेगळ्या लिपींत उतरवले गेले आणि वाटेत श्लोक वाढले किंवा बदलले. पुण्याचे का. बा. पाठक यांनी ‘पार्श्वाभ्युदया’च्या आधारे मेघदूताची आवृत्ती काढली, ती याच अडचणीतून.

शंभर-सव्वाशे श्लोकांच्या काव्याची ही स्थिती, तर एक लाख श्लोकांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाभारताचे काय? हे काम सुकथनकरांच्या वाट्याला आले.

कोण होते डॉ. सुकथनकर?

विष्णू सीताराम सुकथनकर यांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबईत झाला. मुंबईतील शिक्षणानंतर ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गणित शिकले. पुढे त्यांनी वाट बदलली. बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स या भारतविद्येच्या विद्वानाकडे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. पोथीतला मजकूर पुराव्यासारखा तपासण्याची जर्मन शिस्त त्यांना येथे मिळाली.

भारतात परतल्यावर ते पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात काम करू लागले. ताम्रपट आणि शिलालेख वाचणे हा त्या नोकरीचा भाग होता. आज मध्य प्रदेशात असलेल्या गंज येथील वाकाटककालीन शिलालेखाचे संपादन त्यांनी केले. हे तेच वाकाटक, ज्यांची एक राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन मानली जाते. व्याघ्रदेव नावाच्या मांडलिकाच्या गंजच्या लेखात जो मजकूर आहे, जवळजवळ तोच नचना येथील दगडांवरही कोरलेला आहे. एकच मजकूर दोन ठिकाणी सापडला की अक्षर अन् अक्षर ताडून पाहायचे, हा सराव येथेही उपयोगी पडला.

त्यानंतरचे काम तर आजच्या कोडचोरीच्या तपासासारखेच होते. भासाची म्हणून सांगितली गेलेली नाटके केरळात सापडून नुकतीच प्रसिद्ध झाली होती. त्यांपैकी ‘चारुदत्त’ आणि शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ यांत प्रसंगच्या प्रसंग सारखे होते. मग कोणी कोणाचे घेतले? सुकथनकरांनी केवळ सारख्या ओळी मोजल्या नाहीत. नाट्यतंत्र, प्राकृत भाषेची रूपे, वृत्तरचना आणि कथानकातील घटना अशा चार अंगांनी त्यांनी दोन्ही नाटके तपासली. ‘मृच्छकटिक’ ज्या मजकुरावर उभे आहे, त्याचा बराच भाग ‘चारुदत्ता’त जपला गेला आहे, अशा निष्कर्षाकडे ते आले. त्यांचे हे लेख १९२० नंतर अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात आले.

महाभारताचे काम का अडले होते?

महाभारताची शास्त्रशुद्ध आवृत्ती काढावी, ही कल्पना ऑस्ट्रियात जन्मलेले विद्वान मॉरिट्झ विंटरनिट्झ यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडली होती. युरोपात ती पुढे सरकली, पण पहिल्या महायुद्धात थंडावली. पुण्यात १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि हे काम संस्थेने अंगावर घेतले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रा. गो. भांडारकरांच्या हस्ते पोथ्या जुळवण्याचा प्रारंभ झाला.

सुरुवातीची काही वर्षे पद्धत ठरवण्यातच गेली. १९२३ मध्ये ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढून विद्वानांची मते मागवली. ऑगस्ट १९२५ मध्ये सुकथनकर प्रमुख संपादक झाले, तेव्हा त्यांचे वय ३८ होते.

चौकटीच्या कागदांवर तुलना कशी व्हायची?

काश्मीरच्या शारदा लिपीतली पोथी, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिपींतल्या पोथ्या, कोणी भूर्जपत्रावर, कोणी ताडपत्रावर, कोणी कागदावर. भाषा संस्कृतच, पण सगळ्या लिपी वाचणारा एक माणूस मिळणे कठीण. म्हणून काम वाटून दिले. पुण्यात शास्त्रीमंडळी होतीच, शिवाय बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात आणि दक्षिणेकडच्या पोथ्यांसाठी तंजावरला जुळवणी केंद्रे चालली.

कागदावर चौकटी आखलेल्या असत. वरच्या ओळीत श्लोकाचे एकेक अक्षर एकेका चौकटीत. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. पोथीत जेथे वेगळे अक्षर असेल, तेथेच ते नेमक्या चौकटीत भरायचे. आजच्या भाषेत ही स्प्रेडशीट झाली. प्रोग्रामर जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणारे टूल वापरतात, तेही याच तत्त्वावर चालते : आधी दोन मजकूर एकमेकांसमोर नीट रांगेत लावा, मग फरक टिपा.

आदिपर्वाच्या एकाही भागासाठी दहापेक्षा कमी पोथ्या वापरल्या नाहीत. पहिल्या दोन अध्यायांसाठी तर ६० पोथ्या जुळवल्या गेल्या.

कोणता पाठ जुना, हे कसे ठरवले?

सगळ्यात सोपा मार्ग मतमोजणीचा होता : जास्त पोथ्यांत आहे ते खरे. सुकथनकरांनी तो नाकारला. एका पोथीवरून पन्नास नकला झाल्या असतील, तर त्या पन्नास साक्षी नसतात. ती एकच साक्ष पन्नास वेळा ऐकू येत असते.

त्यांनी शोधले ते एकमेकांपासून दूर राहिलेले साक्षीदार. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी यांच्यात हजारो किलोमीटरचे अंतर. दोघींत देवाणघेवाण फारशी झालेली नाही. तरीही दोन्हींत एखादा श्लोक सारखाच असेल, तर तो दोघींच्या समान पूर्वजापासून आला असण्याची शक्यता मोठी. उलट एखादी कथा एकाच प्रदेशातील पोथ्यांत असेल आणि बाकी कुठेच नसेल, तर ती नंतर घातलेली असावी.

लिपीबद्दलही त्यांनी महत्त्वाची गोष्ट दाखवली. लिपीवरून पोथ्यांचे गट पाडणे त्यांना बहुतेक ठिकाणी उपयोगी पडले, पण काही देवनागरी पोथ्यांतला मजकूर काश्मीरच्या परंपरेशी जुळत होता. त्यांनी या पोथ्यांचा वेगळा गट केला. अक्षरे देवनागरी, पण घराणे काश्मिरी. भाषा कोटलिन आहे की स्विफ्ट, यावरून कोडचे घराणे ठरत नाही, हे आज कोड तपासणाऱ्याला जसे लक्षात ठेवावे लागते, तसेच हे होते.

आणखी एक कसोटी होती. दोन पाठांपैकी कोणत्या पाठापासून दुसरा तयार होऊ शकतो, हे पाहायचे. लेखनिक अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द सहसा अवघड करत नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत नजर चुकते. चूक कशी झाली असेल, हे सांगता आले की मूळ काय असेल, याचा अंदाज बांधता येतो.

गणपतीची गोष्ट कुठे गेली?

या पद्धतीची खरी परीक्षा लोकप्रिय कथांच्या वेळी झाली. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक घरात माहीत आहे. पोथ्यांच्या साक्षीने मात्र ती मूळ संहितेत बसत नव्हती. सुकथनकरांनी ती मुख्य मजकुरातून काढून आदिपर्वाच्या परिशिष्टात ठेवली.

गणेशोत्सवाच्या पुण्यात हा निर्णय घेणे सोपे नव्हते. पण त्यांनी ती कथा फेकून दिली नाही. मुख्य मजकुरातून बाजूला काढलेली प्रत्येक ओळ तळटिपेत किंवा परिशिष्टात, कोणत्या पोथीत ती आहे, या नोंदीसह छापली. जेथे खात्री कमी होती, तेथे मजकुराखाली नागमोडी रेघ दिली. त्यामुळे संपादकाशी असहमत असलेला वाचक त्याच पानावरून वेगळा निर्णय घेऊ शकतो.

विरोध दुसऱ्या बाजूनेही झाला. फ्रान्सचे सिल्वाँ लेव्ही यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाचे म्हणणे होते की, मूळ संहिता शोधण्याचा नाद सोडून प्रचलित पाठ छापावा आणि खाली पाठभेद द्यावेत. प्रचलित पाठ म्हणजे सतराव्या शतकातील टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांचा. सुकथनकरांनी १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या विस्तृत प्रस्तावनेत याला सविस्तर उत्तर दिले. व्यासांच्या तोंडचे पहिले शब्द सापडले, असा त्यांचा दावा नव्हता. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येते, तितके मागे जाणे, एवढेच उद्दिष्ट त्यांनी ठेवले.

पद्धत बरोबर होती, हे कशावरून?

आदिपर्व छापून झाल्यानंतर नेपाळहून एक जुनी ताडपत्राची पोथी समोर आली. तेथील राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून ती उपलब्ध झाली. आदिपर्वाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पोथी हीच असावी, असे सुकथनकरांचे मत पडले. आवृत्ती तयार करताना ही पोथी कोणी पाहिलेली नव्हती. सुकथनकरांनी तिची आपल्या छापील संहितेशी तुलना केली आणि अनेक ठिकाणी त्यांनी तर्काने निवडलेल्या पाठांना या पोथीने दुजोरा दिला.

आज मशीन लर्निंग शिकणारा प्रत्येक विद्यार्थी एक नियम शिकतो : ज्या माहितीवर मॉडेल तयार केले, त्याच माहितीवर त्याची परीक्षा घेऊ नये, परीक्षेसाठी न पाहिलेली माहिती ठेवावी. सुकथनकरांची परीक्षा नेपाळच्या पोथीने अशीच, न ठरवता घेतली.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९४२ मध्ये त्यांनी स्वतः संपादित केलेले आरण्यकपर्व प्रसिद्ध झाले. बाकीची पर्वे देश-परदेशातील संपादकांकडे सोपवलेली होती आणि त्या सगळ्यांना एकाच शिस्तीत ठेवण्याची जबाबदारी प्रमुख संपादकाची होती. जानेवारी १९४३ मध्ये भांडारकर संस्थेचा रौप्यमहोत्सव झाला. त्याच महिन्यात मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर त्यांची व्याख्यानमाला सुरू होती. त्यांनी आयुष्यभर अक्षरांची तुलना केली होती, आता ते ग्रंथाच्या आशयाविषयी बोलत होते. चौथे व्याख्यान होण्याआधीच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५. ही व्याख्याने १९५७ मध्ये पुस्तकरूपाने आली.

काम मात्र थांबले नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी प्रमुख संपादकपद सांभाळले. १९६६ मध्ये संहितेचे काम पूर्ण झाले. एका माणसाच्या डोक्यात राहिलेली पद्धत त्याच्याबरोबर संपली असती. चौकटीचे कागद, पोथ्यांची सांकेतिक नावे आणि प्रस्तावनेत लिहून ठेवलेले नियम यांमुळे दुसऱ्यांना ती पुढे नेता आली. पुढे जपानचे मुनेओ तोकुनागा यांनी ही संहिता संगणकावर आणली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. आज ती फोनवरही वाचता येते.

आजचे संगणक हेच काम कसे करतात?

ॲपच्या दोन आवृत्त्यांतील सारखा कोड शोधताना साधारण चार पायऱ्या असतात.

• वेश उतरवणे : नावे, कंस, टिपा आणि मोकळ्या जागा बाजूला काढल्या जातात. दोन लिपींतले श्लोक एकाच लिपीत लिहून घेण्यासारखे हे आहे.

• सांगाडा काढणे : अट कुठे, पुनरावृत्ती कुठे, उत्तर कुठे परत जाते, याची झाडासारखी रचना तयार होते. भाषा बदलली तरी हा सांगाडा बराच सारखा राहतो.

• जोड्या लावणे : सांगाडे, वापरलेले आकडे, संदेश आणि नावांतले अर्थ यांवरून दोन्हीकडच्या तुकड्यांची जवळीक मोजली जाते. हल्ली मशीन लर्निंगची मॉडेल्स प्रत्येक तुकड्याला आकड्यांच्या यादीत बदलतात. जवळच्या अर्थाच्या तुकड्यांचे आकडेही जवळ येतात.

• माणसाने पाहणे : संगणक संभाव्य जोड्यांची यादी देतो. ७५ च्या अटीतला फरक ही चूक आहे की मुद्दाम केलेला बदल, हे नियम माहीत असलेला माणूस ठरवतो.

तुलना कुठे थांबते?

पोथ्या आणि कोड यांत एक मोठा फरक आहे. पोथ्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा समान पूर्वज शोधता येतो. ॲपच्या दोन आवृत्त्या अनेकदा एकाच गरजेवरून स्वतंत्रपणे लिहिलेल्या असतात. म्हणून दोन तुकडे सारखे दिसले, तर एकाने दुसऱ्याचे उचलले, असे लगेच म्हणता येत नाही. शिवाय पोथ्यांत जुना पाठ शोधायचा असतो, ॲपमध्ये बरोबर पाठ हवा असतो आणि तो बहुतेक वेळा जुना नसतो.

तरी सुकथनकरांच्या तीन सवयी जशाच्या तशा उचलता येतात. नकलांची संख्या मोजण्याऐवजी स्वतंत्र साक्षीदार शोधणे. खात्री नसेल तेथे तसे लिहून ठेवणे. आणि बाजूला काढलेल्या प्रत्येक ओळीची नोंद ठेवणे. आजोबांच्या तिकिटाचे पैसे आयफोनवर का कापले गेले, हे सहा महिन्यांनी कोणी विचारले, तर उत्तर अशा नोंदीतूनच मिळते.